मानसशास्त्राच्या पदवीसाठी घराजवळचं कॉलेज निवडताना

मानसशास्त्रात बी.ए. करायचं ठरलं की घरात दोन बाजू पडतात. एक म्हणते पुण्या-मुंबईचं नावाजलेलं कॉलेज बघा, दुसरी म्हणते रोज ये-जा करता येईल असं काहीतरी बघा. आमचं मत दुसऱ्या बाजूला झुकतं, पण एका अटीवर. त्या जवळच्या कॉलेजात हा विषय तिसऱ्या वर्षापर्यंत, प्रात्यक्षिकांसकट, खरोखर शिकवला जात असला पाहिजे. माहितीपत्रकात मानसशास्त्र असतं आणि वर्गात नसतं, अशी कॉलेजं कमी नाहीत. पदवीनंतर एम.ए.साठी बाहेर पडावं लागण्याची शक्यता मोठी असते. तेव्हा वसतिगृहाचा आणि खाणावळीचा खर्च तिथल्या दोन वर्षांसाठी राखून ठेवलेला बरा.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण जुन्या माहितीवर बरेच पालक विसंबून असतात. "जवळ नाहीच मिळालं तर इग्नूतून बाहेरून करू" हा पर्याय आता नाही. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, जुलै-ऑगस्ट २०२५च्या सत्रापासून मानसशास्त्राला दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने नवे प्रवेश द्यायला मनाई केली आहे. कारण २०२१चा नॅशनल कमिशन फॉर अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायदा. आरोग्यसेवेशी संबंधित जे अभ्यासक्रम या कायद्याखाली येतात ते पत्राद्वारे चालवायचे नाहीत, असा निर्णय झाला आणि त्यात मानसशास्त्राचं नाव आहे. बी.ए.चे इतर विषय दूरस्थ पद्धतीने चालू राहू शकतात, बंद झाली ती त्यातली मानसशास्त्राची शाखा. तेव्हा कोणी "घरबसल्या सायकॉलॉजीची डिग्री" विकत असेल तर पैसे भरण्याआधी यूजीसीच्या संकेतस्थळावर त्या वर्षाची मान्यता तपासा. वर्गात बसूनच शिकायचं, म्हणून कॉलेज रोज गाठता येईल इतकं जवळ असण्याला पूर्वीपेक्षा जास्त महत्त्व आलं आहे.

पुढे काय करायचं, ते आधी बोलून घ्या

अठराव्या वर्षी पक्कं ठरलेलं असावं असं नाही. पण ढोबळ दिशा ठाऊक असेल तर कॉलेजात काय शोधायचं ते कळतं.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायचं असेल तर बी.ए. ही फक्त पहिली पायरी आहे. त्या नावाने काम करण्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, १९९२च्या कायद्यानुसार नोंदणी लागते आणि ती परिषदेने मान्य केलेल्या अभ्यासक्रमानंतरच होते. आजवरचा रूढ मार्ग बी.ए., एम.ए. आणि मग दोन वर्षांची एम.फिल. असा होता. यूजीसीने एम.फिल. ही पदवीच मोडीत काढली. क्लिनिकल सायकॉलॉजीपुरती २०२५-२६पर्यंत मुदत दिली होती. त्या जागी परिषदेने नवे अभ्यासक्रम आणले आहेत, त्यात बारावीनंतरचा चार वर्षांचा क्लिनिकल सायकॉलॉजीचा पदवी अभ्यासक्रमही आहे. तो साध्या कला महाविद्यालयात नसतो. हाच मार्ग नक्की असेल तर परिषदेच्या संकेतस्थळावरची मान्यताप्राप्त संस्थांची यादी आधी पाहा, मग घराजवळच्या कॉलेजांकडे वळा.

बी.एड. करून शिक्षक व्हायचा विचार असेल तर मेजरपेक्षा, म्हणजे मुख्य विषयापेक्षा, मायनर, म्हणजे दुय्यम विषय जपून घ्या. शाळेत दहावीपर्यंत मानसशास्त्र हा विषय नसतो, तो अकरावी-बारावीला येतो आणि तोही मोजक्या कनिष्ठ महाविद्यालयांत. मायनरला मराठी, इंग्रजी, इतिहास किंवा भूगोल असेल तर बी.एड.ला अध्यापनाचा विषय मिळतो. मानसशास्त्राला तत्त्वज्ञान जोडून तीन वर्षं आनंदात काढलेल्यांची इथे अडचण होते.

समुपदेशन, एच.आर., समाजकार्य, यूपीएससीचा ऐच्छिक विषय यांतल्या कुठल्याही वाटेला साधं तीन वर्षांचं बी.ए. चालतं. मात्र नुसत्या बी.ए.वर समुपदेशक म्हणून पाटी लावता येते असं कोणी सांगत असेल तर त्याचं ऐकू नका. शाळा आणि संस्था समुपदेशकाच्या जागेला सहसा एम.ए. मागतात.

अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका

घराच्या दारापासून कॉलेजच्या फाटकापर्यंत किती वेळ लागतो, तो मोजा. थांब्यापर्यंत चालणं, एसटीची वाट पाहणं, उतरल्यावर रिक्षा, सगळं त्यात धरा. एका बाजूला दीड तास लागत असेल तर रोजचे तीन तास आणि वर्षाला साधारण १८० दिवस धरले तर ५४० तास प्रवासातच जातात. आमच्या मते एका बाजूला एक तासापर्यंत ठीक, सव्वा तास शेवटची मर्यादा. त्यापुढे पहिल्या सत्रानंतर हजेरी घसरते, आणि ७५ टक्के हजेरीची अट प्रात्यक्षिकांना जास्त कडकपणे लावली जाते.

इथे मानसशास्त्राची एक खास अडचण आहे. व्याख्यानं सकाळी आणि प्रात्यक्षिकं दुपारी, असं वेळापत्रक बऱ्याच ठिकाणी असतं. सकाळी साडेसातचं कॉलेज म्हणून घेतलं आणि आठवड्यातून दोन दिवस चार वाजेपर्यंत थांबावं लागलं, तर परतीची गाडी आहे का? शेवटची सोयीची एसटी किती वाजता सुटते ते डेपोत जाऊन विचारा, मोबाइलवरच्या नकाशावर विसंबू नका. विद्यार्थी मासिक पासाला एसटीत सुमारे दोन तृतीयांश सवलत मिळते. मुंबईच्या लोकलसाठी कॉलेजकडून सवलतीचा फॉर्म घेऊन मासिक किंवा त्रैमासिक पास काढता येतो. प्रवेश झाल्यावर पास हातात येईपर्यंत काही दिवस पूर्ण भाडं भरावं लागतं, तेवढे पैसे बाजूला ठेवा.

विद्यापीठाची हद्द

घराजवळची दोन कॉलेजं दोन वेगळ्या विद्यापीठांची असू शकतात. खोपोली रायगडात म्हणून मुंबई विद्यापीठात, आणि घाट चढून गेलं की लोणावळा पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठात. बार्शी सोलापूर विद्यापीठात, शेजारचं धाराशिव मात्र छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात. अभ्यासक्रम, परीक्षेचा नमुना, विषय बदलण्याचे नियम आणि निकाल लागण्याचा वेग, हे सगळं त्यानुसार बदलतं.

कायदेशीर अडथळा असा नाही. कुठल्याही मान्यताप्राप्त मंडळाची बारावी असेल तर दुसऱ्या विद्यापीठाच्या हद्दीतही प्रवेश मिळतो. पण पहिलं वर्ष एका विद्यापीठात करून दुसऱ्या वर्षी दुसरीकडे जाणं त्रासाचं असतं. मायग्रेशन सर्टिफिकेट, एलिजिबिलिटी, क्रेडिट जुळवणं, आणि नव्या ठिकाणी त्या विषयाची जागा रिकामी असणं, एवढं सगळं जमावं लागतं. वडिलांची बदली होण्यासारखी असेल तर हे आधीच ध्यानात घ्या.

मुलींसाठी यादीत आणखी एक नाव जोडा. एसएनडीटी महिला विद्यापीठाची हद्द एखाद्या जिल्ह्यापुरती नाही, त्याची संलग्न महाविद्यालयं राज्यात ठिकठिकाणी आहेत. तुमच्या गावाजवळ त्यांचं एखादं असेल तर स्थानिक विद्यापीठाच्या यादीत ते दिसणार नाही, एसएनडीटीच्या संकेतस्थळावर शोधावं लागेल. बांदा-दोडामार्ग भागात सावंतवाडीपेक्षा म्हापसा सोयीचं वाटू शकतं. तिथे गोवा विद्यापीठ आणि दुसरं राज्य. महाडीबीटीवरच्या, म्हणजे राज्य सरकारच्या पोर्टलवरच्या, शिष्यवृत्त्या राज्याबाहेरच्या कॉलेजांना सरसकट लागू होत नाहीत, तेव्हा शिष्यवृत्तीवर भिस्त असेल तर आधी त्या योजनेची अट वाचा.

विषय तिसऱ्या वर्षापर्यंत आहे का

सगळ्यात जास्त फसगत इथेच होते, म्हणून थोडं सविस्तर.

महाराष्ट्रात नवं शैक्षणिक धोरण स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४पासून आणि बाकीच्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५पासून लागू झालं. प्रत्येक सत्राला २० ते २२ क्रेडिट, तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२. विषयांची विभागणी मेजर, मायनर, खुला ऐच्छिक, कौशल्याचे अभ्यासक्रम अशी. पदवीवर तुमचा विषय म्हणून जो धरला जातो तो मेजर. मायनरला मानसशास्त्र घेतलं तर थोडीशी ओळख होते, एवढंच. एम.ए. मानसशास्त्राच्या प्रवेशाला अनेक विद्यापीठं मेजरवाल्यांना प्राधान्य देतात किंवा तीच अट घालतात.

काही विद्यापीठांत मेजर प्रवेशाच्या वेळीच ठरतो. काहींत पहिल्या वर्षी तीन विषय सारख्या वजनाने शिकायचे, दुसऱ्या वर्षी त्यातला एक मेजर, एक मायनर आणि तिसरा सोडून द्यायचा. या दुसऱ्या पद्धतीत घोळ होतो. पहिल्या वर्षाला मानसशास्त्र घेणारे दोन वर्ग भरून, आणि दुसऱ्या वर्षी मेजरला जागा एका तुकडीच्या. मग पहिल्या वर्षाच्या गुणांवर यादी लागते आणि उरलेल्यांना इतिहास किंवा राज्यशास्त्र मेजर घ्यावं लागतं. याच्या उलटही घडतं. मानसशास्त्र मेजर मागणारे आठ-दहाच निघाले की कॉलेज यंदा तुकडी चालवत नाही म्हणून सांगतं.

म्हणून "मानसशास्त्र आहे का?" एवढंच विचारून थांबू नका. कार्यालयात हो म्हणतील, आणि ते खोटंही नसेल. विचारायचं ते असं: आत्ता टी.वाय.ला (तिसऱ्या वर्षाला) मानसशास्त्र मेजर घेऊन किती विद्यार्थी आहेत? एस.वाय.ला (दुसऱ्या वर्षाला) मेजरच्या जागा किती, आणि गेल्या वर्षी मागणाऱ्या सगळ्यांना मिळाल्या का? तुकडीसाठी किमान किती विद्यार्थी लागतात? मानसशास्त्राबरोबर मायनरला कोणते विषय बसतात, की वेळापत्रकात टक्कर होते? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर कार्यालयात मिळत नाही, विभागप्रमुखांकडे किंवा वेळापत्रकाच्या फलकावर मिळतं. टी.वाय.चं वेळापत्रक मोबाइलवर टिपून आणा. त्यात मानसशास्त्राच्या तासांपुढे शिक्षकांची नावं किंवा आद्याक्षरं असतात. सगळीकडे एकच आद्याक्षर दिसलं तर विभाग एका माणसावर चालला आहे हे लगेच कळतं.

शिकवतं कोण

एक शिक्षकी विभाग वाईटच असतो असं नाही. एखाद्या तालुक्याच्या गावात वीस वर्षं एकट्याने उत्तम विभाग चालवणारे प्राध्यापक असतात आणि विद्यार्थ्यांना त्यांचा फायदाच होतो. पण ते पुढच्या दोन वर्षांत निवृत्त होणार असतील तर? हा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, तरी विचारा. अनुदानित कॉलेजांत रिक्त पदं भरायला वर्षानुवर्षं लागतात, आणि तोवर काम तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर चालतं. त्यांच्या नेमणुका अनेकदा सत्र सुरू झाल्यावर होतात, म्हणजे जून-जुलैचे तास रिकामे. मानधन तासावर, त्यामुळे चांगला शिक्षक दुसरीकडे पूर्णवेळ मिळालं की मध्येच निघून जातो. यात दोष त्यांचा नसतो, पण तोटा तुमचा होतो.

किमान अपेक्षा काय धरावी? मानसशास्त्रातच एम.ए. आणि नेट, सेट (प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा) किंवा पीएच.डी. असलेला एक पूर्णवेळ शिक्षक, आणि त्याच्या जोडीला आणखी एक, मग तो तासिकेवरचा का असेना. शिक्षणशास्त्राच्या किंवा समाजशास्त्राच्या शिक्षकाकडे मानसशास्त्राचे पेपर वाटून दिलेले दिसले तर ते कॉलेज यादीतून काढा. तपासायला दोन जागा: कॉलेजच्या संकेतस्थळावरचं विभागाचं पान, आणि आयक्यूएसीच्या (कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाच्या) टॅबखाली नॅकला, म्हणजे कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या संस्थेला, पाठवलेले वार्षिक अहवाल. अहवालात मंजूर पदं किती आणि भरलेली किती हा आकडा असतो. तो सगळ्या कॉलेजचा मिळून असतो, पण परिस्थितीचा अंदाज येतो. नॅकची श्रेणीसुद्धा संपूर्ण कॉलेजची असते. ए प्लस कॉलेजात मानसशास्त्र मरगळलेलं असू शकतं, आणि बी श्रेणीच्या कॉलेजात चांगलं.

प्रयोगशाळा

बी.ए. असलं तरी मानसशास्त्र हा प्रात्यक्षिकाचा विषय आहे. कला शाखेत लॅब कशाला, असं म्हणणारे संचालक अजून आहेत आणि त्यांच्या कॉलेजात लॅबची खोली म्हणजे एक कुलूपबंद गोदरेजचं कपाट असतं.

हिशेब असा आहे. लेखी विषयाचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास शिकवणं, प्रात्यक्षिकाचं एक क्रेडिट म्हणजे ३० तास काम. दोन क्रेडिटचं प्रात्यक्षिक असेल तर सत्रात ६० तास, पंधरा आठवड्यांत वाटले तर आठवड्याला ४ तास. वेळापत्रकात हे चार तास दिसले पाहिजेत. तिथे एकच तास आणि पुढे "जर्नल", म्हणजे प्रात्यक्षिकांची वही, एवढंच लिहिलेलं असेल तर काय चालतं ते ओळखा.

प्रत्येक प्रयोगाला एक प्रयोगकर्ता आणि एक प्रयुक्त (ज्याच्यावर प्रयोग करायचा तो) लागतो, म्हणजे वीस जणांच्या बॅचमध्ये दहा जोड्या. आरशातल्या प्रतिबिंबात बघून तारा गिरवायचा प्रयोग एका जोडीला नीट करायला अर्धा तास जातो. संच एकच असेल तर दहा जोड्यांना पाच तास. तेव्हा उपकरण आहे का यापेक्षा किती संच आहेत आणि बॅच कितीची आहे हे महत्त्वाचं. बॅच वीसपर्यंत असेल आणि बाकीच्या जोड्या त्या वेळेत दुसरे प्रयोग करत असतील तर काम भागतं. चाळीस जणांना एकत्र बसवून शिक्षकांनी एकदा करून दाखवायचं, याला प्रात्यक्षिक म्हणता येत नाही.

लॅब पाहायला गेलात तर या वस्तू शोधा: मिरर ड्रॉइंगचा संच, प्रतिक्रियाकाल मोजायचं यंत्र, अवधानकक्षेसाठी (एका नजरेत किती टिपता येतं ते मोजायला) टॅचिस्टोस्कोप, म्हणजे क्षणभरच चित्र दाखवणारं यंत्र, म्युलर-लायर भ्रमाची (सारख्या रेघा लहान-मोठ्या भासण्याच्या) फळी, बोटाने सोडवायचं कोडं, दोन-चार चालू स्टॉपवॉच. काही कॉलेजांनी टॅचिस्टोस्कोप आणि प्रतिक्रियाकाल संगणकावर घेतले आहेत, तेही चांगलं. यंत्रांवर धूळ असेल तर ती किती जुनी आहे तेवढं बघा. चाचण्यांमध्ये बुद्धिमत्तेची एखादी, जसं रेव्हनची ६० प्रश्नांची स्टँडर्ड प्रोग्रेसिव्ह मॅट्रिसेस, व्यक्तिमत्त्वाच्या एक-दोन, अभिक्षमतेची एखादी असावी. सोबत मॅन्युअल आणि मानकांचे तक्ते हवेत. त्यांच्याशिवाय गुण काढता येतात, पण त्यांचा अर्थ लावता येत नाही. सगळ्याच चाचण्या तिसऱ्या पिढीच्या पुसट झेरॉक्स असतील तर विभागाला वर्षानुवर्षं निधी मिळालेला नाही, असं समजा.

गेल्या वर्षीची प्रमाणित जर्नल बघायला मिळाली तर सोनंच. दोन-तीन जर्नल उघडून एकाच प्रयोगाचा तक्ता शेजारीशेजारी ठेवा. प्रतिक्रियाकालाचे आकडे दोन माणसांचे तंतोतंत सारखे येऊ शकत नाहीत. ते सारखे दिसले तर फळ्यावरून उतरवून घेतले आहेत.

आणि संख्याशास्त्र. मध्य, प्रमाण विचलन, सहसंबंध, टी-चाचणी इथवरचं गणित पदवीत येतंच. कोण शिकवतं, संगणकावर करून दाखवतात का, हे विचारा. महागडं सॉफ्टवेअर नसलं तरी चालेल, एक्सेल किंवा फुकट मिळणारं जामोवी पुरतं. गणित नको म्हणून कला शाखेला आलेल्यांना हा धक्का बसतो. तो एम.ए.ला बसण्याऐवजी इथेच बसलेला चांगला.

मराठी की इंग्रजी

जिल्ह्यांतल्या बहुतेक कॉलेजांत मराठीतून शिकवतात आणि बी.ए.ची उत्तरपत्रिका मराठीत लिहिता येते. मुंबई-पुण्यातल्या काही विभागांत मात्र शिकवणं फक्त इंग्रजीतून होतं. आपल्याला ज्या भाषेत विचार करता येतो ती घ्यावी, असं आमचं मत आहे. पण एम.ए., सीयूईटी-पीजी (केंद्रीय विद्यापीठांची एम.ए.ची प्रवेश परीक्षा) आणि पुढची बहुतेक पुस्तकं इंग्रजीतच भेटणार. त्यामुळे कॉलेज मराठी माध्यमाचं असेल तर दोन गोष्टी पाहा: शिक्षक वर्गात इंग्रजी संज्ञा सोबत सांगतात का, आणि ग्रंथालयात इंग्रजी पाठ्यपुस्तकांच्या अलीकडच्या आवृत्त्या आहेत का. ग्रंथपालांना मानसशास्त्राचं कपाट दाखवायला सांगा. गाईडच जास्त दिसले तर परीक्षेपुरता अभ्यास चालतो.

फी आणि तुकडी

एकाच कॉलेजात एकाच विषयाच्या दोन तुकड्या, एक अनुदानित आणि एक विनाअनुदानित, असू शकतात. फीमध्ये कित्येक पटींचा फरक पडतो. कधी संपूर्ण बी.ए. अनुदानित असतं आणि मानसशास्त्र तेवढं विनाअनुदानित, मग प्रयोगशाळेच्या नावाखाली वेगळी रक्कम येते. म्हणून पहिल्याच भेटीत तीनही वर्षांचा फी तक्ता लेखी मागा. पहिल्या वर्षाची कमी फी बघून ठरवू नका, प्रात्यक्षिकांचा भार पुढच्या वर्षांत वाढतो. शिष्यवृत्तीच्या खिडकीवर त्या तुकडीला तुमच्या प्रवर्गाची कोणती योजना लागू होते हे विचारा. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र एप्रिल-मेमध्येच काढायला टाका, निकालानंतर सेतू केंद्रात रांगा लागतात.

खाजगी विद्यापीठांच्या चकचकीत माहितीपत्रकांबद्दल थोडक्यात. तिथल्या लॅब आणि प्रकल्प बऱ्याचदा खरोखर चांगले असतात. पण तीन वर्षांच्या फीमध्ये एम.ए.चा सगळा खर्च निघेल अशी परिस्थिती असेल, तर कर्ज काढून बी.ए. करण्यात आम्हाला शहाणपण दिसत नाही.

प्रशिक्षण कुठे मिळेल

नव्या रचनेत सहाव्या सत्रात चार क्रेडिटचं ऑन जॉब ट्रेनिंग आहे, म्हणजे १२० तास. त्याआधी क्षेत्रप्रकल्प आणि समाजसेवेचे उपक्रम. इथे कॉलेजचा परिसर कामाला येतो. जिल्ह्याचं ठिकाण असेल तर जिल्हा रुग्णालयातला मानसिक आरोग्य कक्ष, विशेष मुलांच्या शाळा, व्यसनमुक्ती केंद्रं, वृद्धाश्रम, एमआयडीसीतल्या कंपन्यांचे मनुष्यबळ विभाग हाताशी असतात. राज्यातली चार प्रादेशिक मनोरुग्णालयं येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीत आहेत. त्यांच्या जवळच्या कॉलेजांनी तिथे निदान अभ्यासभेटी तरी नियमित घ्याव्यात ही अपेक्षा रास्त आहे. पदवीच्या विद्यार्थ्याला रुग्णांवर उपचार करू देत नाहीत आणि देऊही नयेत. निरीक्षण, नोंदी ठेवणं, कार्यक्रमात मदत, इतपत काम असतं.

कॉलेजला विचारा की कोणत्या संस्थांशी लेखी करार झाला आहे आणि गेल्या वर्षी विद्यार्थी कुठे गेले. "विद्यार्थी आपापलं बघतात" हे उत्तर मिळालं तर घराजवळ तुम्हालाच जागा शोधावी लागेल, आणि शेवटी ओळखीच्या दुकानदाराच्या सहीवर १२० तास भरले जातात.

चौथं वर्ष

ऑनर्स हवं असेल तर चौथं वर्ष त्याच कॉलेजात असेलच असं नाही. संशोधनासह ऑनर्सला पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण लागतात आणि मार्गदर्शक म्हणून पीएच.डी.धारक शिक्षक, म्हणून छोटी कॉलेजं त्यात पडत नाहीत. २०२४-२५ला सुरू झालेली संलग्न कॉलेजांची पहिली बॅच चौथ्या वर्षात पोचते २०२७-२८ला, तेव्हा कोणी चौथ्या वर्षाच्या निकालाची उज्ज्वल परंपरा सांगू लागलं तर हसून सोडून द्या. कॉलेजात एम.ए. मानसशास्त्र आधीपासून असेल तर चौथं वर्ष मिळण्याची शक्यता बरी. नसेल तरी बिघडत नाही. तीन वर्षांनी पदवी घेऊन दोन वर्षांची एम.ए. करा किंवा चार वर्षांनंतर एक वर्षाची, एकूण वर्षं पाचच.

प्रत्यक्ष भेट कधी घ्यायची

सुट्टीत कॉलेज पाहण्यात अर्थ नाही. बारावीच्या वर्षातच, डिसेंबर ते फेब्रुवारीदरम्यान एखाद्या कामाच्या दिवशी साडेअकराच्या सुमाराला जा. सत्र चालू असतं आणि टी.वाय.ची मुलं भेटतात. विभागप्रमुखांना आदल्या दिवशी फोन करून वेळ घ्या. पालकांनी सोबत जावं, पण बोलणं मुलाने किंवा मुलीने करावं. टी.वाय.च्या दोन-तीन विद्यार्थ्यांना कॅन्टीनमध्ये गाठा आणि विचारा: आठवड्यात मानसशास्त्राचे किती तास खरोखर झाले? या सत्रात किती प्रयोग स्वतःच्या हातांनी केलेत? गेल्या बॅचमधले किती जण एम.ए.ला गेले आणि कुठे? तिघांची उत्तरं जुळली तर ती माहितीपत्रकापेक्षा भरवशाची.

मुलगी शिकणार असेल तर स्वच्छतागृह आणि संध्याकाळी थांब्यापर्यंतचा रस्ता स्वतः पाहून या.

अर्ज भरताना

राज्यातल्या साध्या बी.ए.ला सामायिक प्रवेश परीक्षा नाही. बारावीच्या गुणांवर यादी लागते आणि विज्ञान, वाणिज्य, कला कुठल्याही शाखेची बारावी चालते. काही स्वायत्त कॉलेजं स्वतःची परीक्षा घेतात, त्यांच्या तारखा निकालाआधीच उलटून जातात, म्हणून एप्रिलपासून संकेतस्थळ बघत राहा. मुंबई विद्यापीठाच्या कॉलेजांसाठी विद्यापीठाची प्रवेशपूर्व ऑनलाइन नोंदणी आधी करावी लागते. ती न करता नुसता कॉलेजचा फॉर्म भरलेले विद्यार्थी पहिल्या यादीला मुकतात. ज्या संस्थेत अकरावी-बारावी झाली तिथेच पदवी असेल तर इन-हाउस कोटा मिळतो का ते बघा. अल्पसंख्याक संस्थांत खुल्या जागा निम्म्यावर येतात, त्यांचा कटऑफ त्या हिशेबाने वाचा.

तीन कॉलेजांचे फॉर्म भरा: एक आवडतं, एक हमखास मिळणारं, एक मधलं. फॉर्मवर विषयांचा क्रम लिहिताना मानसशास्त्र पहिल्या क्रमांकावर आहे का ते जमा करण्यापूर्वी पुन्हा वाचा. क्रम चुकला की संगणक दुसराच विषय देतो आणि नंतरचा विषयबदल रिकाम्या जागांवर अवलंबून राहतो. एबीसी म्हणजे क्रेडिट बँकेचा क्रमांक आधारवरच्या नावाशी जुळवून काढा. गुणपत्रिकेवर आईचं नाव, आधारवर मधलं नाव, अशी गफलत असेल तर दुरुस्तीला आठवडे जातात.

पहिल्या यादीत दुसऱ्या पसंतीचं कॉलेज मिळालं आणि पुढच्या यादीची वाट पाहायची असेल, तर हातातला प्रवेश घेऊन ठेवा. प्रवेश रद्द केल्यावर किती फी परत मिळते याचं परिपत्रक यूजीसी काढते. त्याची त्या वर्षाची तारीख पाहून ठेवा आणि रद्द करण्याचा अर्ज द्याल तेव्हा पोच घ्या. शाळा सोडल्याचा मूळ दाखला जमा करण्याआधी त्याच्या पाच साक्षांकित प्रती आणि एक स्वच्छ स्कॅन काढून ठेवा. दुसऱ्या कॉलेजात जायचं झालं तर मूळ दाखला परत मिळायला काही दिवस लागतात, आणि दुसरी यादी तेवढं थांबत नाही.